मशीन सुधारलं, माल बिघडला

आमच्या कारखान्यात सुधारणेला बंदी नाही. उलट दर महिन्याला प्रत्येकाने एक तरी सुधारणा सुचवलीच पाहिजे असा नियम आहे. न सुचवणाऱ्याचं नाव नोटीस बोर्डावर लागतं आणि सुचवणाऱ्याला स्टीलचा डबा मिळतो. अडचण एवढीच, की आमची लाईन सर्टिफाईड आहे. सर्टिफाईड लाईनवर सुधारणा सुचवता येते, करता येत नाही. केलीच, तर मग आजवर तुमचं चुकत होतं का, याचा लेखी खुलासा द्यावा लागतो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. दरवर्षी नव्या पोरांच्या ट्रेनिंगमध्ये हेच मी घसा ताणून सांगतो. स्लाईडही माझीच आहे, खाली कोपऱ्यात माझं नाव आहे.

कारखाना भोसरी एमआयडीसीत. आम्ही मोटारीच्या वॉटर पंपाचं अॅल्युमिनियमचं हाऊसिंग बनवतो. डायकास्टिंग, मशिनिंग, धुलाई, लीक टेस्ट, पॅकिंग, की गेला माल गिऱ्हाईकाकडे. रिसेप्शनला गणपतीच्या शेजारी आयएटीएफ 16949 चं सर्टिफिकेट टांगलेलं आहे. 2016 च्या ऑक्टोबरात जुन्या टीएस 16949 च्या जागी हे मानक आलं, तेव्हा नव्या सर्टिफिकेटला आम्ही फ्रेम जुनीच वापरली. ती काटकसरही मीच सुचवली होती. तो डबा घरी डाळीला आहे.

आता लीक टेस्टचं. ओतलेल्या अॅल्युमिनियममध्ये कुठेतरी वायू अडकून बारीक पोकळ्या राहतात. मशिनिंग करताना त्या उघड्या पडल्या की हाऊसिंग पाझरतं. म्हणून प्रत्येक पीस फिक्स्चरवर बसवायचा, त्याची सगळी तोंडं रबरी सीलने दाबून बंद करायची आणि आत 1 बार हवा भरायची. हवा भरताना थोडी तापते, म्हणून ती स्थिरावेपर्यंत थांबायचं. मग व्हॉल्व्ह बंद करून दहा सेकंदांत दाब किती उतरतो ते बघायचं. 140 पास्कलच्या आत उतरला तर हिरवा दिवा, वर गेला तर लाल. 1 बार म्हणजे एक लाख पास्कल. लाख आत ठेवायचे आणि त्यातले एकशेचाळीस कुठे गेले याचा हिशेब मागायचा, म्हणून ही टेस्ट आमच्या अकाउंट्सच्या लोकांनाही समजते.

पास्कल फार हलकं माप आहे. झेरॉक्सचा 80 जीएसएमचा एक कागद टेबलावर पडून राहिला तर तो टेबलावर पाऊण पास्कलहून किंचित जास्त दाब देतो. 140 पास्कल म्हणजे असे पावणेदोनशेच्या वर कागद. आमची पीपॅपची फाईल, म्हणजे हा पार्ट आम्ही नीट बनवू शकतो हे गिऱ्हाईकाला पटवणारी अठरा प्रकारच्या कागदपत्रांची चळत, टेबलावर याहून बराच जास्त दाब देते. आणि माझ्यावर त्याहून जास्त.

जुनं लीक टेस्टर म्हाताऱ्यासारखं कुरकुरत पण चालत होतं. बटणांवरची अक्षरं पुसली गेली होती, कुठलं कशाचं ते ऑपरेटरला बोटांनी पाठ. एके दिवशी ते बनवणाऱ्यांचं पत्र आलं, की हे मॉडेल बंद झालं असून यापुढे सुटे भाग मिळणार नाहीत. नवीन घेणं भाग होतं. परचेसने माझ्याकडे स्पेसिफिकेशन मागितलं.

जुन्या मशीनचं स्पेसिफिकेशन उतरवून खाली सही केली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण कोरा कागद समोर आला की माझ्यातला विद्वान जागा होतो. जुनं मशीन 1 पास्कलपर्यंत आकडा दाखवायचं, मी 0.1 लिहिलं. टचस्क्रीन लिहिली. प्रत्येक पीसचं रीडिंग साठवून ठेवण्याची सोय लिहिली. आणि शेवटी, कुणी मागितलं नसताना, 'सायकल टाईम 20 टक्क्यांनी कमी' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

परचेसवाल्याने कागद वाचला आणि मान हलवली. "सर, एवढं सगळं लिहिलंत तर हे नवीन मशीन होईल. मग मंजुरीला हेड ऑफिसला, दिल्लीपर्यंत जाईल. रिप्लेसमेंट लिहा. सेम टू सेम."

"पण हे सेम नाही."

"मशीन सेम नसू दे. कागद सेम पाहिजे."

मी लिहिलं. पुढे लाईनवर काहीही बदललं तर भरायचा एक फॉर्म असतो, फोर एम चेंजचा. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड यातलं एक जरी बदललं तरी तो भरायचा, गिऱ्हाईकाला कळवायचं, ते हो म्हणाले तरच पुढे जायचं. त्या फॉर्मवर मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'सेम टू सेम. लागू नाही.' माझं अक्षर शाळेपासून चांगलं आहे. पुढे तो फॉर्म बऱ्याच मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर लावला गेला, आणि शेवटच्या बाकावरूनही प्रत्येकाला तो वाचता आला.

मशीन आलं. गुरुवारी आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून गुरुवारीच बसवायचं ठरलं. मशीनवाल्यांचा इंजिनिअर पोरगेलासा होता, पण हुशार. म्हणाला, "सर, वीस टक्के सायकल टाईम कमी हवाय ना? मग आतली हवा कमी करू. हवा जितकी कमी, तितकी ती लवकर भरते आणि लवकर स्थिरावते." जुनं मशीन फिक्स्चरपासून लांब, खांबाला होतं. नवं त्याने अगदी फिक्स्चरला खेटून बसवलं आणि दोन मीटरचा पाईप कापून वीतभर ठेवला. मग हाऊसिंगच्या पोकळीत बसेल असा नायलॉनचा पांढराशुभ्र ठोकळा फिक्स्चरवर बसवला. मला तो ठोकळा इतका आवडला की मी त्याचा फोटो काढून त्या महिन्याची सुधारणा म्हणून पाठवला. दुपारी फोटो, संध्याकाळी डबा मंजूर.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला लाल दिवा लागला. ऑपरेटरने पीस काढला, पुसला, परत लावला. लाल. दुसरा पीस. लाल. तिसरा हिरवा, चौथा लाल. चहाच्या सुट्टीपर्यंत लाल ट्रे भरून वाहायला लागला आणि प्रॉडक्शनचे साहेब माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. ते काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरज पडत नाही.

आमच्याकडे लीक टेस्टच्या बाजूला पाण्याची टाकी आहे. नेमकं कुठून पाझरतंय ते शोधायला पीसमध्ये हवा भरून तो पाण्यात धरतात आणि बुडबुडा कुठून येतो ते बघतात. टाकीवर मामा असतात, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी एक लाल पीस घेतला, पाण्यात धरला आणि डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले.

"साहेब, यात फार काही नाही."

"मशीन 180 दाखवतंय मामा."

"मशीनला दाखवू द्या. नापास करण्याइतका बुडबुडा नाही."

मग तोच पीस पुसून परत मशीनवर लावला. हिरवा! लाईनवर आनंदाची लाट. पुढच्या अर्ध्या तासात ऑपरेटरांनी स्वतःहून पद्धत बसवली: मशीनने लाल केलं की पीस टाकीत बुचकळायचा, फुंकून पुसायचा, परत लावायचा, हिरवा. मी कौतुकाने बघत होतो. बारीक छिद्रात पाणी शिरून बसलं की हवेला वाट राहत नाही, म्हणून बुडवलेला पीस पास होतो, ही गोष्ट मला कॉलेजात शिकवली होती. मला ती आठवली तोवर बुडवून हिरवे झालेले पीस पॅकिंगला गेले होते. सगळी खोकी उघडली. सेकंड शिफ्टची पॅकिंगची मंडळी आजही मला नमस्कार करत नाहीत.

आता विद्वान पेटला. गणित मांडलं. आत 1 बार म्हणजे बाहेरच्या हवेसकट एकूण 2 बार. बंद हवेचं तापमान एक अंशाने उतरलं तर दाब सुमारे 670 पास्कलनी उतरतो. म्हणजे एक दशांश अंशाला 67. आमची लिमिट 140. पीस धुलाई मशीनमधून कोमट निघतो, फिक्स्चरवर गार होतो, आतली हवा गार होते, दाब उतरतो आणि मशीनला वाटतं, गळतोय! सापडलं. मी टाळी वाजवली. एकटाच होतो.

यातली भौतिकशास्त्राची एक ओळही खोटी नाही, हे इथे नमूद करतो. लीक टेस्टवाल्याला वाऱ्याची झुळूकही महाग पडते. फक्त त्या दिवशी रोग तो नव्हता. पण मी उपचाराला लागलो. मे महिन्यातली भोसरी, वर पत्रा, आणि मी लीक टेस्टच्या आसपासचे सगळे पंखे बंद करवले. धुतलेले पीस तासभर तसेच ठेवायला लावले. तेवढ्याने भागेना म्हणून ट्रेवर पांघरूण घालायचा हुकूम काढला. स्टोअरमध्ये पांघरूण हा आयटम नसल्याने ड्रायव्हरांच्या खोलीतल्या दोन गोधड्या आणल्या. ऑपरेटर घामाने निथळतायत, हाऊसिंग गोधडी पांघरून पडलेत आणि मी बगलेत लावायचा थर्मामीटर घेऊन एकेका कास्टिंगची विचारपूस करत फिरतोय. नेमके त्याच वेळी प्लांट हेड कोरियन पाहुण्यांना लाईन दाखवायला घेऊन आले. पाहुण्यांनी वाकून मला नमस्कार केला. लाईनवर कुणी वैद्यबुवा ठेवले आहेत अशी त्यांची समजूत झाली असावी.

लाल दिवा काही थांबेना. शेवटी मी कपाट उघडून लिमिट सॅम्पल काढलं. हा खास पीस. जुन्या मशीनवर बरोबर 130 दाखवणारा, म्हणजे काठावर का होईना, पण पास. गिऱ्हाईकाने तपासून त्यावर सही-शिक्का केलेला. पास म्हणजे काय, तर हे, अशी सगळ्यांची लेखी कबुली. तो मशीनवर लावला. 195. लाल.

गिऱ्हाईकाच्या सहीचा पीस नापास झाला तेव्हा ऑपरेटरने मोबाईल काढून फोटो घेतला. कशासाठी ते मी विचारलं नाही.

साताऱ्याहून आलेली एक डिप्लोमा ट्रेनी आमच्याकडे होती. तिला कुणी काम देत नसे म्हणून तिने नव्या मशीनचं मॅन्युअल वाचून काढलं होतं. मॅन्युअल मी प्लास्टिकसकट कपाटात ठेवलं होतं, ते तिला कसं मिळालं कोण जाणे. ती म्हणाली, "सर, जुन्या सेटअपचा व्हॉल्यूम किती होता?"

"कसला व्हॉल्यूम?"

"पीस, पाईप, फिक्स्चर, सगळं मिळून आत किती हवा मावायची?"

ते मला माहीत असायला हवं होतं. मोजून काढलं: सुमारे 600 सीसी. नव्या सेटअपमध्ये पाईप तोकडा, आत ठोकळा. उरले 400. पिंपातून तांब्याभर पाणी काढलं तर पातळी हलल्यासारखी वाटत नाही, तेवढंच घागरीतून काढलं तर लगेच दिसतं, तसा हा प्रकार. भोक तेच, त्यातून जाणारी हवा तीच. पण हवेचा साठा दोन तृतीयांश झाला, म्हणून दाब दीडपट उतरायला लागला. 130 चे 195 झाले. पोरीने रिजेक्शन टॅगच्या पाठीवर तीन ओळींत हे मांडून दाखवलं. मग ड्रॉईंग उघडून बोट ठेवलं. तिथे पास्कल हा शब्दच नव्हता. लिहिलं होतं, गळती मिनिटाला 5 सीसीपेक्षा जास्त नको. 600 सीसीच्या हिशेबाने ती 140 पास्कल येते. ते गणित फार वर्षांपूर्वी कुणीतरी केलं होतं, कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय आणि किती तपासायचं त्या तक्त्यात, नुसता 140 उतरवला होता, आणि तेव्हापासून आम्ही सगळे 140 हा आकडा सातबाऱ्यावर असल्यासारखा मानत आलो होतो. नव्या सेटअपवर 140 ला थांबणं म्हणजे मिनिटाला 3.3 सीसीवरच पीस नापास करणं. चांगला माल आम्ही गोधडीत घालून नापास करत होतो.

"मग काही नाही," मी म्हणालो, "लिमिट 210 करा."

"करता येतं सर? लगेच?"

तिने हे निरागसपणे विचारलं होतं. माझी स्लाईड तिने पाहिली होती.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. मशीनचा घोळ गणिताने सुटला, सर्टिफिकेटचा गणिताने सुटत नाही. मी गिऱ्हाईकाच्या क्वालिटीच्या साहेबांना फोन लावला. माणूस सज्जन, पण त्यांचाही पगार संशय घेण्याचाच. मी व्हॉल्यूम समजावला, पिंप समजावलं, घागर समजावली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तुमचा माल नापास व्हायला लागला, म्हणून तुम्ही लिमिट वाढवताय."

"तसं नाही साहेब, भोक तेच आहे."

"बरं. मशीन बदललं कधी?"

"गुरुवारी."

"आम्हाला कळवलं कधी?"

मी म्हणालो, "आत्ता."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग सर्टिफाईड जगातला तो प्रश्न आला, ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो. "आणि याआधी जो माल आम्हाला आला, त्याचं काय?"

या प्रश्नातून सुटायला वाट नाही. नवं मशीन बरोबर म्हणावं, तर जुन्याने पास केलेला, आत्ता रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत बसलेला माल संशयित ठरतो. जुनं बरोबर म्हणावं, तर नव्यावर एवढा पैसा का घातला? दोन्ही बरोबर आहेत, हे खरं उत्तर. पण त्याला सगळ्यात जास्त कागद लागतात. मोजायचं साधन चुकत होतं असं कळलं तर आधी मोजलेलं ग्राह्य आहे की नाही ते तपासा, असं मानक सांगतं. साधन चुकत नव्हतंच, फक्त नवं आलं, तर काय करायचं? मानक बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं. आता हाऊसिंगची नव्हे, माझ्या चारित्र्याची लीक टेस्ट सुरू झाली होती. आठवतं तेव्हापासूनची लीकची रेकॉर्ड काढून द्या, ते म्हणाले. जुन्या मशीनला रीडिंग साठवायची सोय नव्हती. रजिस्टर होतं. त्यात वर्षानुवर्षं एकाच पेनने 'ओके, ओके, ओके' लिहिलेलं होतं.

तोवर लाईन बंद ठेवणं शक्य नव्हतं. प्लांट हेडनी तोडगा काढला. मान्य करायला जड जातं, पण तोडगा बिनतोड होता. "जुन्या मशीनला लांब पाईप होता ना? यालाही लावा. ठोकळा काढून टाका. हवा झाली ना परत सहाशे? लिमिट राहिली ना एकशेचाळीस?" झालं. 0.1 पास्कल अचूक, टचस्क्रीनवालं, फिक्स्चरला खेटून बसलेलं नवंकोरं मशीन, आणि त्याच्या पाठीला दोन मीटर पाईपचं वेटोळं, कशाच्याच उपयोगाचं नसलेलं. सायकल टाईम जुन्याइतका झाला. आकडेही जुन्यासारखे यायला लागले. ते यंत्र म्हातारं व्हावं म्हणून आम्ही जे केलं, त्यात आम्हाला पूर्ण यश आलं. ठोकळा माझ्या टेबलावर आला, पेपरवेट म्हणून. त्याचा डबा मात्र मी परत केला नाही.

अशातच सर्टिफिकेटवाल्यांचं सर्व्हेलन्स ऑडिट आलं. आदल्या दिवशी मी सगळ्यांना बजावलं, विचारलं तेवढंच सांगा. ऑडिटर लीक टेस्टशी थांबले. "हा पाईप इतका लांब कशाला?" ऑपरेटर प्रामाणिक मुलगा. "सर, मशीन जुन्यासारखं वागावं म्हणून." ऑडिटरनी वहीत काहीतरी लिहिलं. ऑडिटर लिहितो तेव्हा आपण पंख्याकडे बघावं असा माझा नियम आहे. मग ते टाकीकडे वळले.

"मामा, तुम्ही इथे काय करता?"

मामा ताठ उभे राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं काम विचारत होतं. "साहेब, मशीन जे नापास करतं, ते मी पास करतो."

मामांचं काहीच चुकलं नव्हतं, गोधडीच्या दिवसांत तसंच चाललं होतं. पण तपासणीची मुख्य पद्धत बंद पडली तर पर्यायी पद्धत कुठली, याची मंजूर यादी आयएटीएफला आधीपासून लागते. आमच्या यादीत लीक टेस्टपुढे पर्याय 'नाही' असं लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात. म्हणजे कागदोपत्री टाकी नव्हती, टाकीत पाणी नव्हतं आणि मामाही नव्हते. एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, मिळाली. तीत 'लागू नाही' हे माझे शब्द अवतरणात होते.

मग रीतसर मार्ग धरला. ठोकळा परत बसवायचा, पाईप परत तोकडा करायचा, आणि कंट्रोल प्लॅनमध्ये पास्कलऐवजी थेट मिनिटाला 5 सीसी लिहायचं, म्हणजे उद्या मशीन, पाईप, ठोकळा काहीही बदललं तरी मूळ आकडा हलणार नाही. त्यासाठी मास्टर लीक मागवला. अंगठ्याएवढी पितळी नळी, आत डोळ्याला न दिसणारं छिद्र, 1 बारला मिनिटाला किती सीसी सोडते याचं एनएबीएलमान्य प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट सोबत. म्हणजे भोकाचं सर्टिफिकेट. आयुष्य भोकं बुजवण्यात गेलं आणि शेवटी एक भोक पैसे देऊन विकत घेतलं, तेही डबीत कापसावर ठेवून आलं.

पुढे गेज आर अँड आर, म्हणजे मोजणीचीच परीक्षा. दहा पीस, तीन ऑपरेटर, प्रत्येकी तीन वेळा, अशी नव्वद रीडिंग घ्यायची. मोजण्यातली चूक दहा टक्क्यांच्या आत आली तर उत्तम, तीसच्या वर गेली तर पद्धतच बाद. आमची पहिली तीसच्या पुष्कळ वर गेली. तीन ऑपरेटरांपैकी दोघांची रीडिंग छान जुळत होती, तिसऱ्याचे सगळे पीस शून्याच्या आसपास. चौकशी केली. साहेबांना रिझल्ट चांगला हवाय असं ऐकून त्याने प्रेमाने सगळे पीस आधी टाकीत बुडवले होते.

दुसऱ्यांदा जमलं. तरी गिऱ्हाईकाने अट घातली, की तीन महिने जुनं आणि नवं मशीन शेजारी-शेजारी चालवा आणि आकडे जुळवून दाखवा. ही अट ऐकून मी चिडलो, मग एक जुनी गोष्ट आठवून गप्प बसलो. ज्याच्या नावाचं हे माप आहे, त्या ब्लेझ पास्कलने 1648 साली डोंगरावर हवेचा दाब कमी होतो का ते बघायला पाऱ्याच्या नळ्यांचा प्रयोग करवला. स्वतः गेला नाही, मेव्हण्याला पाठवलं. मेव्हण्याने आधी पायथ्याशी दोन नळ्या शेजारी ठेवून पारा सारखाच उभा राहतो याची खात्री केली. मग एक नळी घेऊन प्युई द डोम चढला आणि दुसरी खाली मठातल्या एका साधूच्या ताब्यात दिली, दिवसभर हिच्याकडे बघत बस म्हणून. वर पारा उतरला, खालचा जागचा हलला नाही, म्हणून जगाने मानलं. गिऱ्हाईक माझ्याकडे तेवढंच मागत होतं. फक्त आमच्याकडे साधू नव्हता आणि खालची नळी भंगारात गेली होती.

जुनं मशीन खरोखरच भंगारवाल्याच्या यार्डात पोचलं होतं. वजन होऊन पावतीही फाटली होती. त्याने परत द्यायला होकार दिला, भाव मात्र भंगाराचा लावला नाही. "साहेब, तुम्हाला पाहिजे म्हणजे चालू मशीन आहे." त्याचं क्वालिटीचं ज्ञान माझ्याहून पक्कं. आणल्यावर कळलं, की मधल्या काळात मशीनचं कॅलिब्रेशन संपलंय. जे मशीन आम्ही निकामी म्हणून काढलं, त्याचं कॅलिब्रेशन करून, त्याला नवीन लेबल लावून, फुलं वाहिलेल्या नव्या मशीनशेजारी त्याला बसवलं. रोज सकाळी दोघांवर पितळी नळी लावायची, दोन्ही आकडे लिहायचे, दोन सह्या. ट्रेनीकडे आता काम होतं. ती दोन्हीकडचा आकडा सीसीमध्ये फिरवून जुळवायची आणि तेवढ्यात माझ्याकडे बघायची.

शेवटी मंजुरी आली. नव्या फाईलचे कागद मोजायचं धाडस झालं नाही. टेबलाला मात्र मधोमध बाक आलाय.

मशीन आता छान चालतं. मागच्या आठवड्यात मशीनवाल्या पोराचा फोन आला. "सर, सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलंय. फुकट आहे. पेन ड्राईव्ह लावा, दोन मिनिटांचं काम."

"त्याने आकडा बदलतो का?"

"सुधारतो सर. अल्गोरिदम बेटर आहे."

मी फोन ठेवला, मेंटेनन्समधून काढता न येणारं स्टिकर मागवलं आणि मशीनच्या यूएसबीच्या तोंडावर चिकटवून दाबून बसवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्युमेंट कंट्रोलवाली ताई आली. लाईनवर लावलेल्या प्रत्येक कागदाला नंबर लागतो म्हणाली, स्टिकरलाही, आणि नंबर हवा असेल तर फोर एमचा फॉर्म भरा. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढचं ऑडिट येईपर्यंत तो भरून झाला नाही, तर ऑडिटर लीक टेस्टशी आले की मी त्या पोर्टसमोर पाठ टेकून उभा राहायचं, असं सध्या ठरलंय.